वच्छलाबाई मुराळी जातात

बुधवार, ९ ऑगस्ट २०२३. सकाळपासून ढगाळ, उकाडा फार. नळ आला नाही. वच्छलाबाई पहिल्या गाडीने सुलतानपूरला मुराळी म्हणून गेल्या. चण्याची डाळ शिजवून पुरण वाटून ठेवलं. दुपारी तिघी यायच्या होत्या, चौघं आली.

एवढीच नोंद आहे. नागपूरला सिस्टरांच्या शाळेत आम्हाला डायरी लिहायला लावत आणि दिवसाला चार-पाच ओळींच्या वर जाऊ देत नसत. घडलं ते लिहा, वाटलं ते प्रार्थनेत सांगा, असं त्यांचं म्हणणं. ती सवय मला जन्मभर पुरली. पण वच्छलाबाईंबद्दल चार ओळींत काही सांगता येत नाही, म्हणून हे वेगळ्या कागदांवर लिहिते आहे.

वच्छलाबाई आमच्या देऊळगाव राजाच्या एसटी स्टँडवर बसतात. समोर पत्र्याची पेटी, तिच्यावर कंगवे, पिना, टिकल्यांची पाकिटं, रुमाल, काजळाच्या डब्या. वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, पण चालताना आम्ही दोघी सारख्याच दिसतो. माहेर साखरखेर्ड्याचं. सासरच्या गावाचं नाव त्या घेत नाहीत.

नवरा मारायचा. त्या काळी त्याला मारणं म्हणत नसत, 'पटत नाही' असं म्हणत. पंचमीला, दिवाळीला त्यांचा भाऊ मुराळी म्हणून यायचा. मुराळी म्हणजे सणाला लेकीला माहेरी न्यायला आलेला माणूस. त्याला सासरचे सहसा नाही म्हणत नाहीत, कारण त्यात त्यांच्याच घराण्याची शोभा होते. सण झाला की तोच भाऊ त्यांना परत पोहोचवून द्यायचा. "पाठ दाखवली तं माय हळद लावे," वच्छलाबाई सांगतात, "अन् म्हने, सण झाला, आता जाय बाई."

एका दिवाळीनंतर भावाने त्यांना इथल्या स्टँडवर सासरच्या गाडीत बसवून दिलं आणि तो पान खायला गेला. वच्छलाबाई गाडीतून उतरल्या आणि मुतारीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. गाडी गेली, भाऊही गेला. "मंग कुठं जावं ते सुचेना, म्हनून बसून राह्यली," असं त्या म्हणतात. ती पंचेचाळीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. कुणी विचारलं तर, अजून सुचलं नाही, असंही म्हणतात आणि पेटीवरची धूळ झटकतात.

स्टँडवर बसणारीला माणसं कळायला लागतात. एखादी बाई पोराला घेऊन बाकड्यावर बसली की वच्छलाबाई तिला एकच विचारतात, "कोणती गाडी, बाई?" घरातून मार खाऊन निघालेलीला गावाचं नाव सांगता येत नाही. मग त्या तिला पाणी देतात, पेटीशेजारी बसवतात, आणि काही बोलत नाहीत. तासाभराने पुन्हा तेच, कोणती गाडी. कुणी सासरचीच गाडी सांगते, तर तिला त्या गाडीत बसवून देतात. कुणी माहेरची सांगते. आणि ज्या शेवटपर्यंत 'माहीत नाही' म्हणतात, त्यांना घेऊन त्या माझ्याकडे येतात.

माझ्याकडे का, तर हे खडकपूर्णेच्या धरणावर इंजिनियर होते आणि निवृत्त झाल्यावर आम्ही इथेच घर बांधलं. हे गेल्यावर काही वर्षांनी वच्छलाबाई एका रडून रडून गप्प झालेल्या मुलीला घेऊन फाटकात उभ्या राहिल्या. तोवर मी त्यांच्याकडून फक्त पिना घेतल्या होत्या. "बाई, तुमचं बोलनं साहेब लोक ऐकते," त्या म्हणाल्या. "माह्यं ऐकलं तं म्हनते, मावशी बाजूले व्हा."

तेव्हापासून माझं काम फोनचं. एकशे एक्क्याऐंशी हा बायकांच्या मदतीचा नंबर लावायचा, पलीकडची रेकॉर्ड संपेपर्यंत थांबायचं, बुलढाण्याच्या सखी केंद्रात जागा आहे का विचारायचं, संरक्षण अधिकाऱ्यांची वेळ घ्यायची, त्या मीटिंगला गेल्या असतील तर पुन्हा लावायचा. यात हुशारी काही नाही. मला वेळ आहे आणि थांबून राहायची सवय आहे.

खरं सांगायचं तर बहुतेक जणी परत जातात. सुचिता नावाच्या एका मुलीला आम्ही दोनदा बुलढाण्याला पोहोचवलं. दोन्ही वेळा नवरा पेढे घेऊन आला आणि ती त्याच्या मोटारसायकलवर बसून गेली. तिसऱ्यांदा ती आमच्याकडे आली नाही. वच्छलाबाईंना त्याचा राग येत नाही. मला येत असे. आता मलाही येत नाही, फक्त थकवा येतो.

ज्यांना स्टँडपर्यंतही येता येत नाही त्यांच्यासाठी वच्छलाबाई मुराळी म्हणून जायला लागल्या. कुणाची मावशी, कुणाची आत्या. सणाच्या आधी जायचं, साडी-खण न्यायचा, सासूपुढे गोड बोलायचं आणि लेकीला घेऊन निघायचं. "माह्या भावानं ने-आण केली," त्या म्हणतात, "मी नुसती ने करते."

रेणुका साखरखेर्ड्याची. तिची आई वच्छलाबाईंची लहानपणची मैत्रीण. रेणुका सुलतानपूरला राजकुमार नावाच्या मुलाला दिली होती, सात वर्षांची मुलगी आहे, अपेक्षा. राजकुमारने रेणुकाचा फोन काढून घेतला होता. एकदा शेजाऱ्यांनी फोन केला तेव्हा पोलीस येऊन त्याला समज देऊन गेले, आणि पुढचे चार दिवस रेणुका शेतात दिसली नाही. तिची आई आमच्या स्टँडवर येऊन पेटीशेजारी बसली. घरी आणली तर तिचा मुलगा निवृत्ती परत नेऊन घालील, असं ती म्हणाली. निवृत्तीचं मत असं, की हिलाच नांदायचं नाही.

अधिक महिना चालू होता. धोंड्याच्या महिन्यात लेकीला बोलावलं तर कोण नाही म्हणेल, असं वच्छलाबाईंच्या डोक्यात आलं. रेणुकाच्या आईने विहिणीला फोन केला की माझी तब्येत बरी नाही, धोंडे माझी बहीण करणार आहे देऊळगाव राजाला, ती न्यायला येईल. ठरलं असं, की वच्छलाबाईंनी मायलेकींना आणायचं, माझ्याकडे घासभर खाऊन दुपारच्या गाडीने चिखलीवरून बुलढाणा गाठायचं. केंद्रातल्या प्रेरणाताईंना मी आदल्या दिवशी कळवून ठेवलं होतं. पुरण घातलं ते कुणी विचारलं तर खोटं वाटू नये म्हणून, आणि त्या पोरीला काही गोड मिळावं म्हणून.

दार वाजलं तेव्हा वच्छलाबाई पुढे होत्या.

"बाई," त्या म्हणाल्या, "जावई बी आले."

त्यांच्या मागे इस्त्रीचा शर्ट घातलेला एक तरुण पिशवी घेऊन उभा होता. वाकून माझ्या पाया पडला. "मावशी, मी राजकुमार. मायनं म्हटलं, धोंड्याले जावई नाही गेला तं धोंडे कोनाले वाढतीन?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. पंचमीला, दिवाळीला मुराळी लेकीला नेतो. धोंड्याच्या महिन्यात मान जावयाचा असतो. पाटावर तो बसतो, ओवाळतात त्याला, वाण देतात त्याला. तीन वर्षांनी एकदा येणारा महिना, वच्छलाबाईंना लेक नाही, मला दोन मुलगे. आमच्या दोघींच्या घरी जावई पाटावर बसलाच नव्हता.

त्याच्यामागून रेणुका आत आली. त्या उकाड्यात लांब बाह्यांचं ब्लाउज, डोक्यावर पदर. मुलगी तिच्या साडीला धरून.

वच्छलाबाईंची खोली लहान म्हणून धोंडे इथे, असं सांगून राजकुमारला पुढच्या खोलीत पंख्याखाली बसवलं. माणूस वागायला चांगला होता, हे लिहायलाच हवं. सोयाबीनवर अळी आली आहे, फवारणीची मजुरी परवडत नाही, असं बोलत होता. ह्यांचा फोटो बघून, साहेब कोणत्या खात्यात होते विचारलं. मुलीला जवळ बोलावून, आजीला नाव सांग, म्हणाला. ती नाव सांगून लगेच आत आली.

स्वयंपाकघरात वच्छलाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या.

"गाडीतच काही करता आलं नसतं का?" मी हळू विचारलं.

"गाडीत काय करू? उतर म्हनू जावयाले? सिंदखेडराजाले त्यानं माह्यासाठी रसवंतीतून रस आनला, बाई. मावशी थकल्या म्हने." त्यांनी कपाळावर हात मारला. "माह्या अर्ध्या तिकिटात अन् त्याच्या पुऱ्या तिकिटात, दोन्हीत माह्याच पिशवीतले पैसे गेले. मारनाऱ्याले तिकीट काढून आनलं मी."

रेणुका ओट्याजवळ उभी होती. तिने पहिल्यांदा तोंड उघडलं. "राहू द्या मावशी. जेवलं की मी घेऊन जाते त्याईले वापस. तुमच्या जिवाले घोर नको."

मी काहीतरी म्हणणार होते. वच्छलाबाईंनी माझ्याकडे बघून नको अशी मान हलवली. "तुह्या मनावर हाय, माय," त्या रेणुकाला म्हणाल्या. "आता आल्यासारखं धोंडे तं करू. कनिक कुठं हाय, बाई?"

मग आम्ही तिघींनी धोंडे केले. रेणुका कणकेची पारी करून पुरण भरत होती, वच्छलाबाई गोळे वळत होत्या, मी चाळणीत ठेवून उकडत होते. रेणुकाचं डावं मनगट नीट वळत नव्हतं. पारी ती कोपरातून हात फिरवून करायची. बालाजीच्या देवळात द्यायला मी अनारसे करून घेतले होते, ते ताटात लावून वाण केलं. ह्यांचा एक कोरा टॉवेल कपाटात होता, तो काढला.

राजकुमारला पाटावर बसवून वच्छलाबाईंनी ओवाळलं. ताट एका बाजूला कललं. "मावशी, ताट पाडाल," तो हसून म्हणाला. "आता म्हातारी झाली, बापू," त्या म्हणाल्या. त्याने तूप मागून घेतलं, पुन्हा घेतलं. धोंडे मऊ झालेत, म्हणाला. "आमच्या घरी हिच्या हातचे दगड राह्यते," असं रेणुकाकडे बघून म्हणाला, थट्टेतच, आणि मीही सवयीने हसले.

अपेक्षा त्याच्याशेजारी जेवत होती. तिने पाण्याचा पेला उचलला, तो ओल्या हातातून निसटला आणि पाणी त्याच्या ताटाखालून पाटापर्यंत गेलं.

काही झालं नाही. राजकुमार हात वर उचलून म्हणाला, "असू दे बेटा, पानीच हाय." पण पेला पडल्याबरोबर पोरीने दोन्ही हात डोक्यावर घेऊन मान गुडघ्यात घातली होती. आणि आत ओट्याशी, उघड्या दारातून दिसणाऱ्या पाठमोऱ्या रेणुकाने, नुसता पेल्याचा आवाज ऐकून, तेच केलं होतं. तसेच हात, तशीच मान. पीठ लागलेल्या बोटांचे ठसे तिच्या पदरावर उठले.

मी फडकं आणून पाणी पुसलं. वच्छलाबाईंनी पोरीला उचलून आत नेलं. राजकुमार म्हणाला, "लई घाबरट हाय. आईवर गेली."

थोड्या वेळाने मी ताटं आत नेली. रेणुका आपल्या मुलीकडे बघत होती, जशी आज पहिल्यांदाच बघत असावी. वच्छलाबाई मोरीपाशी हात धूत होत्या.

"मावशी," रेणुका म्हणाली, "चिखलीची गाडी कधी हाय?"

वच्छलाबाईंनी वळून पाहिलंही नाही. "जेवून घे," म्हणाल्या. "मंग सांगते."

पुरणाचं आणि तुपाचं जेवण झाल्यावर माणूस बसू शकत नाही. राजकुमारने उशी मागितली. मी दिवाणावर चादर घातली, पंखा वाढवला. तो झोपला आहे याची खात्री व्हायला आम्हाला फार वेळ लागल्यासारखं वाटलं. रेणुकाची पिशवी त्याच्या उशाशी होती, चपला पुढच्या दाराबाहेर. पिशवीत पोरीचे कपडे, रेणुकाचं आधार कार्ड. "राहू द्या," ती म्हणाली. मी तिला माझ्या मोरीतल्या रबरी चपला दिल्या. अपेक्षाला वच्छलाबाईंनी कडेवर घेतलं, या वयात, आणि मागच्या दाराने तिघी बोळात उतरल्या.

वच्छलाबाई जाताना एवढंच म्हणाल्या, "बाई, एकट्या बसू नका. अर्जुनरावाले बोलवा."

अर्जुनराव शेजारी राहतात. सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. आता ऐकू कमी येतं. मी कुंपणावरून त्यांना खुणेने बोलावलं.

"काय काम?" ते ओरडले.

मी ओठांवर बोट ठेवलं. "काम नाही. येऊन बसा."

"नुसतं बसू?"

"नुसतं बसा."

ते पेपर घेऊन आले आणि पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले. झोपलेल्या पाहुण्याकडे पाहून त्यांनी पेपराचा आवाज न करता पान उलटलं. भला माणूस आहे. मी समोर बसून गवारीच्या शेंगा निवडत राहिले. निवडून झाल्या तशा पुन्हा निवडल्या. तरुण वयात मला वाटत असे की अशा वेळी माणसाच्या मनात मोठे विचार येत असतील. माझ्या मनात आलं की कंबर दुखते आहे, आणि हा माणूस घोरत नाही.

राजकुमार उठला तेव्हा उन्हं कलली होती. त्याने चूळ भरली. "रेणुके, चहा ठेव," असा आवाज दिला. मग मला विचारलं, "देवळात गेल्या का त्या?"

"चहा घ्या आधी," मी म्हणाले आणि चहा केला. आलं किसून घातलं, तेवढाच वेळ जावा म्हणून. तो पेला तोंडाला लावत असताना वच्छलाबाईंचा फोन आला. "चिखली सोडली," एवढंच बोलून त्यांनी ठेवला.

मी खुर्चीवर बसले. "राजकुमार, रेणुका आणि अपेक्षा बुलढाण्याला गेल्या आहेत. बायकांसाठी सरकारी केंद्र आहे, तिथे राहतील. आज त्या तुमच्याबरोबर येणार नाहीत."

त्याने आत स्वयंपाकघराकडे पाहिलं. "काऊन?"

"तुम्हाला माहीत आहे."

त्याने पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "धोंड्याले बोलावून? जेवू घालून?" त्याच्या आवाजात मला अपेक्षित होता तो राग नव्हता, अपमान होता. तो लहान मुलासारखा दुखावला होता. राग त्यानंतर आला. "कोन लागता तुम्ही तिच्या?"

"कोणी नाही."

"मंग कोनाच्या घरात हात घालून राह्यल्या? म्हाताऱ्या हा म्हनून ऐकून घेतो. दुसरी असती तं..."

अर्जुनरावांनी पेपर खाली केला. "काय म्हणतात पाहुणे?"

"निघतो म्हणतात," मी मोठ्याने सांगितलं.

"इतक्यात? चहा झाला का?"

राजकुमार उठला. रेणुकाची पिशवी उचलली. "येते ती," मला म्हणाला. "कुठं जाते? दोन दिवस सरकारी खिचडी खाईल अन् येईल." मग वाणाच्या ताटाकडे पाहिलं. अनारसे टॉवेलात बांधून घेतले आणि ताट परत पाटावर ठेवलं. ताट माझं आहे हे त्याला कळत होतं.

तो गेल्यावर अर्जुनराव म्हणाले, "चांगला वाटला जावई. कोणाचा?"

रात्रीच्या आत प्रेरणाताईंचा फोन आला. पोहोचल्या होत्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं. मनगटाचं हाड आधी कधीतरी मोडून वेडंवाकडं जुळलेलं होतं. रेणुकाने जबाब दिला, मध्ये थांबली, पुन्हा दिला. हे सगळं मी फोनवर ऐकत होते आणि राजकुमारचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं, कारण ते सुचिताच्या बाबतीत खरं झालं होतं आणि आणखीही कितीतरी जणींच्या.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी निवृत्ती आईला घेऊन केंद्रात पोहोचला. वच्छलाबाई तिथेच होत्या, त्यांनी मला सांगितलं ते असं. निवृत्ती रेणुकाशी बोललाच नाही, वच्छलाबाईंवरच आला. "धोंड्याच्या महिन्यात जावयाले बोलावून पोरगी पळवली म्हनते लोक. चार गावात तोंड दाखवाले जागा नाही ठेवली. जावई रिकाम्या हातानं गेला."

"रिकाम्या हातानं काऊन?" वच्छलाबाई म्हणाल्या. "अनारसे नेले त्यानं. टॉवेल बी."

"तुमाले हसू येते?"

"नाही बापू. तुह्या बहिनीचं मनगट मोडलं तवा चार गावात कितीक जनानं तोंड लपवलं, तेच मोजून राह्यली मी."

प्रेरणाताईंनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि रेणुकाला एकटीला विचारलं. निवृत्ती बाहेर गाडी लावून उभा होता, आईने घरून भाकरी बांधून आणल्या होत्या. जायला सगळं तयार होतं. वच्छलाबाई व्हरांड्यात बसल्या. त्यांच्या मते ती जाणार होती. मी फोन हातात घेऊन बसले होते आणि माझ्याही मते ती जाणार होती.

रेणुका बाहेर आली आणि आईच्या हातातल्या भाकरी तिने घेतल्या. "मी नांदाले जात नाही," म्हणाली, "अन् माहेरी बी येत नाही. अपेक्षाची शाळेची टीसी तेवढी आनून दे, दादा." निवृत्तीने टीसी आणली नाही. ती प्रेरणाताईंनी शाळेला पत्र लिहून मागवली.

पुढचं सगळं हळूहळू, कंटाळवाणं. केंद्रातून आधारगृह. कोर्टाच्या तारखा, एक वकील आजारी पडले म्हणून गेली, एक संपामुळे गेली. पितृपक्षात तात्पुरता हुकूम निघाला, की राजकुमारने तिच्या जवळ जायचं नाही. तिला बुलढाण्यात नर्सिंगच्या मुलींच्या होस्टेलमध्ये पोळ्या लाटायचं काम मिळालं आणि राहायला तिथेच एक खोली. मनगटामुळे ती इतरांपेक्षा सावकाश लाटते, पण मेसच्या बाई चालवून घेतात. अपेक्षा तिथल्या शाळेत दुसरीत बसली. रविवारी रेणुका मला फोन करते. विशेष काही बोलत नाही. आज भाजी कोणती केली, ते सांगते.

राजकुमारला रेणुकाजवळ जायची बंदी झाली, तेव्हा तो वच्छलाबाईंकडे यायला लागला. माझ्याकडे तो एकदाही आला नाही. मी पांढऱ्या केसांची, इंजिनियर साहेबांची बायको, माझ्या फाटकावर नावाची पाटी आहे. वच्छलाबाई स्टँडमागच्या बोळात एका खोलीत भाड्याने राहायच्या. तो आणि त्याचे मित्र तिथे उभे राहून शिव्या द्यायचे. धोंडे घालून फसवणारी म्हातारी, असं नाव त्यांनी बोळभर केलं. एकदा पेटी लाथेने उलटवली, टिकल्या गटारात गेल्या. तक्रार केली, दहा-बारा दिवस शांत गेले, पुन्हा आले. बोळातल्या बायका, ज्यांच्या दोन लेकींना वच्छलाबाईंनीच घरी आणलं होतं, त्याही म्हणायला लागल्या की जावयाला जेवता जेवता फसवायला नको होतं. मारणं त्यांना समजत होतं. धोंड्याचा अपमान समजत नव्हता.

घरमालकाने हात जोडले. "मावशी, तुम्ही चांगल्या हा, पन मलेबी पोरीबाळी हायेत." वच्छलाबाई मला काही बोलल्या नाहीत. दसऱ्यानंतर मी जालन्याला डोळे दाखवायला जाण्यासाठी स्टँडवर गेले, तेव्हा बायकांच्या प्रतीक्षालयात त्यांची वळकटी आणि स्टोव्ह दिसला.

"हे काय?" मी विचारलं.

"काही नाही. जवळ पडते," त्या म्हणाल्या.

जालन्याहून आल्यावर मी दोन दिवस काही केलं नाही. मुलाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, आई, या वयात नसती लफडी कशाला. त्याचं चुकत नाही. मला घरात शांतता हवी असते, दुपारी पडायला हवं असतं, आणि परोपकाराची हौस तर मला कधीच नव्हती. पण रेणुका तिकडे पोळ्या लाटत होती, आणि त्याची किंमत इकडे एकटीच बाई बाकड्यावर झोपून देत होती.

रविवारी सकाळी मी स्टँडवर गेले. "वच्छलाबाई, माझ्या मागच्या खोलीत पसारा झाला आहे. काढायला या."

"काढू. अन् मंग?"

"मग तिथे झोपा."

त्यांनी पेटीवरची धूळ झटकली. "बाई, माह्यामागं पोरी येतीन. अन् पोरीच्या मागं नवरे येतीन. तुमाले झोप लागनार नाही."

"मला तशीही लागत नाही."

"भांडन झालं तं?"

"आपलं की त्यांचं?"

"आपलं," त्या म्हणाल्या. "मी चहा लई गोड पेते."

दुपारी त्यांनी वळकटी आणली, पेटी आणली. दोघींनी मिळून खोली झाडली. रद्दी, ह्यांची नकाशांची नळकांडी, मोडकी आरामखुर्ची, सगळं काढलं. गव्हाची कोठी स्वयंपाकघरात ओढताना दोघींनाही तीनदा थांबून श्वास घ्यावा लागला. शेवटी अर्जुनराव आले आणि, पाहुणे कोण, असं विचारत एका बाजूने त्यांनी हात लावला. वच्छलाबाई संध्याकाळी सातलाच झोपल्या. मी दिवा लावून डायरी काढली आणि लिहिलं:

रविवार, २९ ऑक्टोबर २०२३. हवा कोरडी. गव्हाची कोठी मागच्या खोलीतून स्वयंपाकघरात आणली. फडताळाचं दार आता अर्धंच उघडतं.